मांजरीचा पाय कापावा लागलाय? पहिल्या रात्रीपासून पुढे काय काय करायचं

जुलैच्या पावसात आमची ठमी पार्किंगमधल्या एका गाडीच्या बॉनेटमध्ये ऊबेला जाऊन बसली आणि सकाळी कुणीतरी गाडी सुरू केली. पुढचं सांगत नाही. मागचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले हाडं एकवेळ जोडता येतील पण पायात जाणीवच उरली नाहीये, नुसता फरपटत राहील, फरशीवर घासून घासून जखमा होतील, त्यापेक्षा काढलेला बरा. आम्ही एक रात्र रडारड करून हो म्हटलं.

आता ती मस्त आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्ही शांतपणे वाचाल. पण पहिले पंधरा दिवस आम्ही बऱ्याच चुका केल्या, कारण मिळेल ती माहिती एकतर कुत्र्यांची होती नाहीतर "भरपूर प्रेम द्या" छापाची. म्हणून हे सविस्तर लिहितेय. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते वजनावर आणि किडनीवर ठरतात, ते डॉक्टरांनाच विचारा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. तीन पायांवर चालायला मांजर आपलं आपण शिकतं, आपण शिकवायचं नसतं. आपलं काम आहे नीट बघायचं, कारण दुखणं लपवण्यात मांजराचा हात धरणारं कोणी नाही.

ती दवाखान्यात आहे तोवर घर लावून घ्या

एक छोटी जागा ठरवा. अख्खी खोली मोकळी द्यायची नाही, कारण खोलीत बेड असतो, खिडकी असते, कपाटाचा माथा असतो आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला वाटत असतं की आपल्याला अजून चार पाय आहेत. आम्ही मैत्रिणीकडून कुत्र्याचा मोठा फोल्डिंगचा पिंजरा उसना आणला, तीन फूट बाय दोन फूट. एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला शीचा ट्रे, मध्ये वाट्या. पिंजऱ्यात ठेवायचं म्हणजे पोटात कालवतं खरं, पण वरून चादर टाकून तीन बाजू झाकल्या की मांजरीला ती गुहा वाटते आणि ती आपल्यापेक्षा जास्त निवांत असते.

फरशी. आपल्याकडच्या घरातल्या त्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स म्हणजे तीन पायांच्या मांजरीसाठी तेल सांडलेला ओटा. जुनी योगा मॅट कापून अंथरा, नाहीतर खाली रबर असलेली पायपुसणी एकाला एक लावून टाका. सतरंजी नको, ती स्वतःच घसरते. गोधडी अंथरुणाला चांगली पण टाके उसवलेली असेल तर धाग्यात नख अडकतं, आणि एक पाय कमी असताना नख अडकलं की तोल गेलाच.

शीचा ट्रे उंच कडेचा नको. आम्ही कपडे भिजवायचा पसरट टब घेतला, एका बाजूची कड गरम सुरीने कापून दोन-अडीच इंचांवर आणली आणि कापलेल्या धारेवर चिकटपट्टी लावली. बाकी तीन कडा उंचच ठेवल्या, त्याचा फायदा नंतर कळला, बसताना ती काढलेल्या पायाची बाजू कडेला टेकवायची. ट्रेमध्ये टाके निघेपर्यंत गोळे होणारी लिटर (मांजरीच्या ट्रेसाठी विकत मिळते ती वाळू) वापरू नका, ती ओल्या जखमेला सिमेंटसारखी चिकटते, आणि बांधकामाची रेती तर अजिबात नको. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून टाका. वापर झाला की उचलून फेकायच्या, काम स्वस्तात होतं. पट्ट्या बघून मांजर नाक मुरडत असेल तर तिच्या नेहमीच्या ट्रेमधलं मूठभर वरून भुरभुरवा, वासाने तिला कळतं.

पावसाळा असेल तर आणखी एक वस्तू, लहान बाळाची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. डासांसाठी नाही, माशांसाठी. उघड्या किंवा ओलसर जखमेवर माशी बसून अंडी घातली की एका दिवसात अळ्या पडतात, हे रस्त्यावरच्या जनावरांमध्ये आपण बघतोच, घरातही होऊ शकतं.

घरी आणताना

डिस्चार्जच्या वेळी आपण इतके भांबावलेले असतो की मान डोलवत ऐकतो आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत सगळं विसरतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, सरळ परवानगी मागून. विचारायचं ते हे, की दुखण्याचं शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलंय आणि पुढचा डोस कधी (ही वेळ चुकली की पहिल्याच रात्री हाल होतात), औषध उपाशीपोटी चालतं का, ओकली तर परत द्यायचं का, टाके विरघळणारे आहेत की काढावे लागतील, कितव्या दिवशी दाखवायचं, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा. गाठीमुळे पाय काढला असेल तर गाठ तपासणीला पाठवलीय का आणि रिपोर्ट कधी मिळणार हेही. रात्रीच्या डॉक्टरची सोय आधीच शोधून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे, जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, पण कोण किती वाजेपर्यंत उघडं असतं ते दिवसाउजेडी फोन करून विचारा.

आणताना कॅरियरचं वरचं झाकण निघत असेल तर उत्तम, वरून अलगद ठेवता येतं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कुल्ल्याखाली, जखमेची बाजू आपल्या अंगापासून लांब. मानगूट धरून लोंबकळत उचलायचं नाही. रस्त्यावरची मांजर रेस्क्यू करून ऑपरेशन केलं असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळूनच उचला. चावली किंवा नख लागलं तर ताबडतोब नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि रेबीजची लस घ्यायला त्याच दिवशी जायचं. "एवढंसं तर लागलंय" म्हणायचं नाही.

पहिली रात्र

पहिली रात्र भीतीदायक असते, तयारी ठेवा. डोळ्यांच्या बाहुल्या ताटलीएवढ्या झालेल्या, नजर कुठेतरी भलतीकडेच, उठते, कोसळते, परत उठते, मध्येच विचित्र आवाजात ओरडते. ठमी मागे मागे सरकत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली, मला वाटलं आंधळी झाली. भुलीचा आणि मॉर्फिनच्या जातीतल्या वेदनाशामकांचा हा परिणाम असतो, सकाळपर्यंत बराच उतरतो. लाइट मंद ठेवा, टीव्ही बंद, आणि शेजाऱ्यांना बघायला बोलवू नका.

भुलीनंतर अंग गार पडतं. एसी बंद, पंखा हळू. गरम पाण्याची पिशवी ठेवायची तर टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, तिला नको झालं तर सरकता आलं पाहिजे, नाहीतर गुंगीत असताना भाजूनही कळत नाही. मान धरून नीट बसायला लागली की थोडं पाणी, मग चमचाभर खाणं. त्याआधी तोंडात काही घालायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. घशात नळी घातलेली असते म्हणून एक-दोन दिवस किंचित खोकते, ते चालतं. पुढच्या पायाला सलाइनच्या जागी पट्टी असेल तर ती कधी काढायची ते विचारून ठेवा आणि पंजा सुजतोय का बघा. आमच्याकडे ती पट्टी सकाळपर्यंत राहिली आणि पंजा पुरीसारखा टम्म फुगला होता, काढल्यावर तासाभरात उतरला.

झोपलेली असताना श्वास मोजा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा. शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत असतो. झोपेतही सतत ४० च्या वर जात असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका. बॅंडेजवर रक्ताचे दोन-चार डाग चालतात, टपटप गळणं चालत नाही.

दुखतंय का हे ओळखायचं कसं

इथे मी सपशेल चुकले. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगत होते की ठमी किती शहाणी आहे, आवाजसुद्धा करत नाही, एका जागी बसून असते. ती शहाणी वगैरे नव्हती, तिला दुखत होतं. मांजर दुखल्यावर कुत्र्यासारखं कुंई कुंई करत नाही, गप्प होतं, खाणं कमी करतं, अंग चाटणं बंद करतं आणि पावासारखं गोळा होऊन बसतं. आणि घुरघुरण्यावर तर मुळीच जाऊ नका, मांजरं वेदनेतही घुरघुरतात.

चेहरा बघायला शिका. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजरांच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली, फेलाइन ग्रिमेस स्केल म्हणतात, आणि घरातल्या माणसालाही ती जमते. पाच गोष्टी बघायच्या. कान पुढे ताठ आहेत की बाजूला पडून एकमेकांपासून लांब गेलेत, डोळे पूर्ण उघडे आहेत की आवळून बारीक केलेत, नाक-तोंडाचा भाग गोल सैल आहे की ताणून लांबट झालाय, मिशा सैल वळलेल्या आहेत की सरळ ताठ, आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली झुकलंय. प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण १०. चार किंवा जास्त झाले की दुखण्याचं औषध कमी पडतंय, डॉक्टरांना फोन करा. मी ठमीचा तिसऱ्या दिवशीचा फोटो नंतर या हिशोबाने बघितला, सहा येत होते. फोन केला, औषध बदलून मिळालं आणि त्याच संध्याकाळी बाईसाहेब पुढचा पंजा चाटत बसल्या होत्या. झोपेत किंवा खाताना मार्क देऊ नका, जागी आणि निवांत असताना द्या.

अजून एक प्रकार असतो. मांजर छान झोपलेलं असतं आणि एकदम दचकून उठतं, वळून काढलेल्या पायाच्या जागेकडे बघतं, फिसकारतं, तिथे चावायला जातं. कापलेल्या नसा खोटे सिग्नल पाठवत राहतात त्यातून हे होतं, माणसांमध्येही पाय नसताना पाय दुखतो तसंच. हे "नाटक" नाही. त्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यातल्या टेबलवर ती तसं कधीच करणार नाही.

औषधं

साधारणपणे सूज-वेदनेचं एक औषध मेलॉक्सिकॅमच्या जातीतलं, काही दिवस ब्युप्रेनॉर्फिन असेल तर ते हिरडीच्या आतल्या बाजूला सोडायचं, नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिन, आणि गरज असेल तर अँटिबायोटिक, अशी यादी असते. गॅबापेन्टिनने मांजर झिंगल्यासारखं चालतं आणि तीन पायांवर ते फारच वाईट दिसतं, पण अंगवळणी पडलं की कमी होतं. बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम थांबवायचं नाही. मेलॉक्सिकॅममध्ये मात्र थेंबाथेंबाला महत्त्व आहे, किडनीवर येतं. ती खात-पीत नसेल, ओकत असेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

आता हे मोठ्याने वाचा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकवा: क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल मांजरीला द्यायचं नाही. तुकडासुद्धा नाही. मांजरीच्या लिव्हरला ते फोडून बाहेर टाकता येत नाही, रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं आणि एका गोळीत जीव जातो. ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, तेही नाही. घरात कुणीतरी काका असतातच ज्यांच्याकडे गोळ्यांचा डबा असतो, त्यांना खास सांगून ठेवा.

गोळी देताना मांजरीला टॉवेलमध्ये पुरणपोळीसारखं गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, पण टॉवेल जखमेवर आवळायचा नाही. गोळी जिभेच्या मुळाशी टाकली की लगेच बिनसुईच्या सिरींजने ४-५ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू. अँटिबायोटिक म्हणून डॉक्सिसायक्लिन असेल तर हे फार गरजेचं, ती गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर आत भाजल्यासारखी जखम होते. गॅबापेन्टिन कडूजार असतं, कॅप्सूल फोडून पावडर क्रीमच्या ट्रीटमध्ये कालवली तर जातं, पण ते तिच्या रोजच्या जेवणात कालवू नका, एकदा कडू लागलं की ती वाटीच टाळते.

खाणं, पाणी आणि शी-शू

मी सकाळ-संध्याकाळ एका वहीत लिहायचे, किती खाल्लं, शू केली का, शी केली का, औषध किती वाजता. वेडेपणा वाटेल पण फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

२४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन, ४८ तास वाट बघायचीच नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि त्यातून कावीळ होते, जाडजूड मांजरांना तर जास्त धोका. भूक लागावी म्हणून जेवण कोमट करा, वास सुटला पाहिजे. अंगाच्या उष्णतेइतकं, जास्त नाही. उकडलेलं चिकन, उकडलेली मांदेली काटा काढून, नुसतं, त्यात कांदा-लसूण-मीठ-हळद काही नाही. कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुवूनही देऊ नका. दूधही नको, जुलाब झाले तर तीन पायांवर साफसफाई करणं तिलाही आणि आपल्यालाही जड जातं.

आमच्याकडे यातच श्रावण लागला. सासूबाई पक्क्या, घरात अंडंसुद्धा नाही. मी घाबरत घाबरत विचारलं तर म्हणाल्या, "अगं मांजरीला कसला आलाय श्रावण," आणि गॅलरीत जुनी शेगडी लावून स्वतः नाकाला पदर लावून चिकन उकडलं. त्याच सासूबाईंना जखमेवर हळद भरायची होती, त्यावर आमची चांगलीच जुंपली. त्याबद्दल पुढे.

शू २४ तासांत व्हायला हवी. बोका असेल आणि ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय पण थेंब थेंबच येतंय किंवा येतच नाहीये, तर ते तुंबणं आहे, जिवावरचं आहे, लगेच निघा. शी दोन-तीन दिवस झाली नाही तर घाबरू नका, उपास आणि वेदनाशामकांमुळे होतं. चौथ्या दिवशीही नाही झाली किंवा कुंथताना ओरडली तर विचारा. घरगुती एनिमा, एरंडेल, असलं काही नको.

पहिल्या वेळी ती ट्रेमध्ये तोल जाऊन पडेल. पडू द्या. मला राहवेना म्हणून मी कंबरेला हात लावला तर तिने शू अर्धवट सोडून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पळ काढला आणि मग चार तास गेलीच नाही. लांबून बघा. भिजली तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

जखम आणि तो कोन

दिवसातून दोनदा जखम बघायची आणि रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढायचा. आपली नजर रोज बघून मरते, फोटो बरोबर सांगतात. पहिल्या काही दिवसांत वांग्याच्या रंगाचा काळानिळा डाग पसरतो, पोटाकडे उतरतो, मग हिरवट-पिवळा होतो, हे सगळं ठीक. जखम रोज आदल्या दिवसापेक्षा शांत दिसायला हवी. लाली वाढतेय, हात लावल्यावर गरम लागतेय, घाण वास येतोय, पू आहे, टाक्यांमध्ये फट पडलीय, किंवा ती अचानक मलूल झालीय, तर त्याच दिवशी दाखवा. मांजरीचं नॉर्मल तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागली म्हणजे ताप असं नाही.

जखमेवर काय लावायचं? डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर काहीच नाही. हळद नाही, खोबरेल नाही, कडुनिंबाचं तेल नाही. डेटॉल तर नाहीच, ती फिनॉलच्या जातीतली रसायनं मांजरीला झेपत नाहीत आणि ती चाटून पोटात घेते. त्याच कारणाने पिंजऱ्याखालची फरशी फिनेलने पुसू नका, साबणाचं पाणी पुरे. आणि गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं औषध चुकूनही मांजरीला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरीला विष आहे.

कोन, म्हणजे जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती कर्ण्यासारखी कॉलर. सगळ्या घराचा जीव या कोनापायी जातो. ती दारात अडकते, वाटीत तोंड जात नाही, आपल्याकडे अशी बघते की आपणच पाय कापलाय. सहाव्या रात्री मला दया आली, म्हटलं झोपलीय, काढू दोन तास. पहाटे उठून बघते तर दोन टाके उसवलेले आणि ती शांतपणे चाटत बसलेली. मांजरीची जीभ म्हणजे किसणी आहे. परत दवाखाना, परत गुंगी, परत टाके, आणि तिथे पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी सूज आली ती आठवडाभर राहिली. तशी सूज बहुतेक वेळा आपोआप जिरते, घरी सुईने फोडायला जाऊ नका. तर कोन काढायचा तो फक्त खाताना आणि आपण समोर बसलेलो असतानाच. प्लास्टिकचा अगदीच सहन होत नसेल तर कापडाचा मऊ कोन चालतो, पण तो घालूनही तिचं तोंड जखमेपर्यंत पोचत नाही ना हे डोळ्यांनी बघा, मागचा पाय गेला असेल तर मांजर अशी काही वळते की विचारू नका. पुढचा पाय गेला असेल तर बाळाचा बाह्यांचा बनियन बरं काम देतो, फक्त शेपटीकडून मोकळा ठेवायचा.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर अंघोळ नाही.

चालणं

बरीच मांजरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उभी राहतात. मागचा पाय गेला असेल तर उरलेला पाय हळूहळू शरीराच्या मध्यरेषेखाली येतो आणि मांजर सशासारखं टुणटुण चालतं. सावकाश चालणं त्यांना पळण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून ठमी आधी पळायला लागली आणि नीट चालायला नंतर शिकली. पुढचा पाय गेला असेल तर प्रकरण थोडं वेगळं, कारण मांजरीचं जवळपास ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ते प्रत्येक पावलाला डोकं खालीवर करत चालतात. माझ्या मैत्रिणीचा बोका चौथ्या मजल्यावरून पडला त्याचा पुढचा उजवा पाय खांद्यासकट काढला, त्याला चढणं जमायचं पण उतरताना तोंडावर पडायचा. अशा मांजरांना वाट्या तीन-चार इंच उंचावर ठेवा, मान खाली घालून खाताना सगळा भार त्या एकाच पायावर येतो. ट्रेमध्ये उकरणं जमत नाही म्हणून झाकल्याशिवाय बाहेर येतात, तिथे आपणच झाकून टाकायचं. त्या बाजूचा गालही त्यांना पुसता येत नाही, ओल्या कापसाने पुसून द्या.

टाके निघाल्यावर पिंजऱ्यातून खोलीत, मग आठवड्याभराने घरभर. उड्या मात्र आणखी दोन आठवडे जमेल तितक्या टाळा. सोफ्याला, बेडला पायऱ्या करून द्या, विकतच्या कशाला, पाट, चौरंग, मोढा, जे हलणार नाही ते, आणि त्यावर खरखरीत कापड ताणून बांधा. उतरायची जागा जास्त महत्त्वाची, तिथे जाड पायपुसणं हवंच. केस परत आले आणि व्रण कोरडा झाला की डॉक्टरांना विचारून पाठीला आणि उरलेल्या पायाला हलक्या हाताने मालिश करा, सगळा भार त्यांच्यावर आलेला असतो. खेळ जमिनीवरचे, दोरीला कापूस बांधून फरशीवरून फिरवणं, उंच उडवणं नाही. घरात दुसरं मांजर असेल तर ते सुरुवातीला फिसकारेल, दवाखान्याचा वास येतो म्हणून. दोघांच्या अंथरुणातली फडकी अदलाबदल करा आणि थोडे दिवस जाऊ द्या.

पुढे कायमचं

वजन. चार पायांचं ओझं तीन पायांवर आलंय, त्यात जाडी वाढली तर सांधे लवकर झिजतात. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजरीला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, म्हणजे वाटी भरून ठेवायची सवय बंद. महिन्यातून एकदा आपण तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी बघा, नख लांबलं की पकड बिघडते. खिडक्या आणि गॅलरीला जाळी नसेल तर ती आता लावाच, कबुतरांची पातळ नायलॉनची नको, मांजर ती कुरतडते. बाहेर सोडणं आमच्यापुरतं संपलं, कुत्रा मागे लागला तर तीन पायांवर झाडावर चढणं वेळेत होत नाही.

आणि कान. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागचा डावा पाय नसला की डावा कान खाजवता येत नाही. ठमी मान तिरकी करते, डोळे मिटते आणि तो मांडीचा उरलेला तुकडा जोरजोरात हलायला लागतो, हवेतल्या हवेत, कानापर्यंत काहीच पोचत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता मी जाऊन कानामागे खाजवते, तो तुकडा माझ्या बोटांच्या तालावर हलत राहतो, आणि झालं की ती उठून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. दर आठवड्याला तो कान आतून बघा, मळ साठतो. त्या बाजूच्या पाठीवर कोंडाही होतो, रोज कंगवा फिरवा.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ठमी ओट्यावर दिसली, गॅसशेजारी, दुधाच्या पातेल्यात नाक. चढली कशी ते अजून कळलं नाहीये. सोफ्यापाशी लावलेला पाट ती आता वापरत नाही, सासूबाई बसतात त्यावर भाजी निवडायला.